हृदयाचं ऑपरेशन झालं, आता फळ्यावरचं का उतरवता येत नाही?

म्हादईकाठ (वाळपई)

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसता वाचत होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. विषय घरचाच आहे.

मुलगा साडेसहा वर्षांचा. जन्मला तो निळसर. निदान झालं ट्रान्सपोझिशन, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल. गोव्याबाहेर नेऊन पहिल्या पंधरवड्यातच ऑपरेशन केलं, आर्टेरियल स्विच, म्हणजे त्या वाहिन्या पुन्हा योग्य जागी जोडल्या. वर्षाला एकदा इको (हृदयाची सोनोग्राफी) होतो. डॉक्टर म्हणतात, हृदय फर्स्टक्लास. पोर पळतं, कुळागरात माडाच्या झावळ्या ओढत फिरतं, बघणाऱ्याला छातीवरच्या रेघेशिवाय काही कळायचं नाही.

आता पहिलीत आहे. बाई म्हणतात, फळ्यावरचं उतरवताना मधल्या ओळी गाळतो, दोन कामं एकदम सांगितली की दुसरं विसरतो. वहीत 'क' काढला तर दांडा एका चौकोनात आणि गोल शेजारच्या चौकोनात. आणि हाच मुलगा गेल्या चवथीला माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या रानफळा-फुलांच्या चौकटीखाली) उभा राहून पाहुण्यांना एकेक नाव सांगत होता: कांगण्यो, घागऱ्यो, कवंडाळ, आंबाडे, तोरंजन. आमच्या वाड्यावरच्या जाणत्यांनाही एवढी नावं सलग येत नाहीत.

रात्री मोबाईलवर शोधलं तर अशा मुलांच्या मेंदूला रक्त कमी मिळतं असं वाचलं आणि झोप उडाली. डिस्चार्जच्या कागदात टाके, औषधं, पुढच्या इकोची तारीख असं सगळं आहे, मेंदूबद्दल एक ओळ नाही. त्यात माझी आई बायकोला अजून ऐकवते की ग्रहणात सुरी हातात धरली म्हणून हे झालं. कोणाला अनुभव आहे का? हे खरंच हृदयाशी निगडित आहे की मूलच जरा अळमटळम करणारं आहे?

हुमण (म्हापसा)

साहेब, नेटवर वाचत बसलात तर साध्या सर्दीचाही कॅन्सर होतो. माझ्या भाच्याच्या हृदयाला भोक होतं, आपोआप बुजलं, आज वेर्ण्याला इंजिनियर आहे. सहा वर्षांचा मुलगा खिडकीबाहेर बघणार नाही तर काय करणार? मी तर चौथीपर्यंत नुसता खिडकीबाहेरच बघत होतो.

शेवंती_७५ (माशेल)

ग्रहणाचं आधी सोडा. सूनबाईला सांगा, गावातल्या एका वडीलधाऱ्या बाईने सांगितलंय म्हणावं. आमच्या पिढीने या गोष्टींनी फार बायकांना रडवलंय.

स्टेथो (फोंडा)

मी बालरोगतज्ज्ञ आहे. तुमच्या मुलाला तपासलेलं नाही, तेव्हा त्याच्याविषयी निकाल देणार नाही. पण विषय खरा आहे, आणि आपल्याकडे त्यावर फार कमी बोललं जातं, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

ग्रहणाचा मुद्दा शेवंतीताईंनी निकालात काढलाच आहे. वैद्यकाच्या बाजूने एवढंच: हृदयाची घडण गर्भाच्या पहिल्या आठ आठवड्यांत होऊन जाते. पुष्कळ बायकांना तोवर दिवस गेल्याची नुकतीच खात्री झालेली असते. सुरीचा, ग्रहणाचा, पपईचा इथे संबंध नाही.

आता रक्ताचं. पोटात असताना बाळाची फुफ्फुसं प्राणवायू घेत नाहीत, तो वारेतून येतो. ते चांगलं रक्त नाळेतून हृदयाच्या उजव्या कप्प्यात येतं, पण निसर्गाने सोय अशी केलीय की त्यातला बराच भाग वरच्या पडद्यातल्या झडपेतून थेट डावीकडे जातो आणि तिथून महाधमनीने आधी मेंदूला मिळतो. म्हणजे सगळ्यात सकस रक्त मेंदूला, उरलेलं खाली. ट्रान्सपोझिशनमध्ये महाधमनी उजव्या बाजूला जोडलेली असते. त्यामुळे मेंदूला शरीरातून परत आलेलं, प्राणवायू कमी असलेलं रक्त जास्त जातं, आणि ते सकस रक्त फुफ्फुसांकडे, जिथे त्याचं तेव्हा काही काम नाही. डावं हृदयच नीट न घडलेल्या बाळांत तर महाधमनीच्या कमानीतून रक्त उलट्या दिशेने मेंदूकडे चढतं.

जन्मानंतर ट्रान्सपोझिशनचं बाळ म्हणजे दोन कदंबा बसगाड्या आपापल्या गोल रस्त्यावर फिरताहेत आणि प्रवाशाला एकीतून उतरून दुसरीत चढायला स्टॉपच नाही. अशुद्ध रक्त शरीरात फिरतं, शुद्ध रक्त फुफ्फुसांत. पडद्यातलं भोक आणि दोन्ही मोठ्या वाहिन्यांना जोडणारी डक्टस नावाची नळी उघडी आहे तोवर बाळ जगतं, म्हणून ऑपरेशनपर्यंत ती नळी औषधाने उघडी ठेवतात.

मेंदूवर याचा परिणाम कसा दिसला? २००४ साली फिलाडेल्फियात गंभीर जन्मजात हृदयविकाराच्या बाळांचा ऑपरेशनआधीचा मेंदूचा रक्तप्रवाह एमआरआयने मोजला. १०० ग्रॅम मेंदूला मिनिटाला सरासरी २० मिलीलीटरच्या आसपास भरला. निरोगी नवजाताचा साधारण ५० धरतात. मग २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गटाने दाखवलं की ट्रान्सपोझिशन आणि एकच कप्पा असलेल्या हृदयाच्या बाळांचा मेंदू पूर्ण दिवस भरूनही अपक्व असतो, आणि काहींच्या मेंदूतल्या पांढऱ्या भागाला इजा ऑपरेशनच्या आधीच झालेली असते. २००९ च्या एका अभ्यासात हा मागासलेपणा साधारण एका महिन्याचा निघाला. चाळीसाव्या आठवड्याला जन्मलेल्या बाळाचा मेंदू छत्तिसाव्या आठवड्यासारखा, असं समजा. २०१५ मध्ये टोरांटोत गर्भातच मोजमाप केलं तेव्हा प्राणवायूचा वापर कमी आणि मेंदूचा आकार लहान, हे दोन्ही बरोबर जाताना दिसले.

हे सगळं सांगायचं कारण, पालकांना वाटतं भूल दिली, छाती उघडली, हृदय-फुफ्फुसांचं काम करणाऱ्या मशिनवर ठेवलं म्हणून मेंदू बिघडला. ऑपरेशनचा वाटा आहे. पण पुष्कळसं त्याआधीच ठरलेलं असतं.

हुमण (म्हापसा)

म्हणजे मी म्हटलं ते चूक? माझा भाचा?

स्टेथो (फोंडा)

तुमचा भाचा अगदी बरोबर आहे. जन्मजात हृदयविकार हजारात आठ-दहा मुलांना असतो आणि त्यातली बरीच भोकं लहान, आपोआप बुजणारी. त्या मुलांच्या मेंदूला काही होत नाही. मोठ्या भोकात अडचण वेगळी: फुफ्फुसांत रक्ताचा पूर, दूध पिताना घाम, वजन वाढत नाही. तीही मुलं वेळेत ऑपरेशन झालं की बहुतेक छान सुधारतात. जोखीम जास्त कोणाला? तान्हेपणी हार्ट-लंग मशिनवर ऑपरेशन झालेल्यांना, निळ्या मुलांना (ज्यांच्या रक्तात प्राणवायू कमी असतो), एका कप्प्यावर जगणाऱ्यांना, दिवस भरण्याआधी जन्मलेल्यांना, आणि ज्यांना जोडीला गुणसूत्राचा दोष आहे त्यांना. डाउन सिंड्रोममध्ये जवळजवळ निम्म्या मुलांना हृदयविकार असतो. तिथे विकासाचा वेग मुळातच वेगळा, सगळं खापर रक्तप्रवाहावर फोडता येत नाही.

सुरंगीचा_वळेसर (मडगाव)

मी फिजिओथेरपिस्ट. स्टेथोंनी आतलं सांगितलं, मी बाहेरून जे दिसतं ते सांगते.

छाती उघडून ऑपरेशन झालेलं बाळ घरी येतं तेव्हा आईला सांगितलेलं असतं की काही आठवडे काखेत धरून उचलू नका, हाड जुळायचं आहे. मानेखाली एक हात, ढुंगणाखाली एक हात, असं. बरोबरच आहे ते. पण हाड जुळलं तरी घरातली भीती जात नाही. वर्षाचं होईपर्यंत बाळ पालथं घातलेलं नसतं. आजी म्हणते धाप लागेल, आत्या म्हणते रडवू नका, बाळ सदानकदा कोणाच्या तरी खांद्यावर. मग मान उशिरा, बसणं उशिरा, रांगणं नाहीच. हातांवर भार न पडल्याने खांदे आणि मनगटं कच्ची, आणि सहाव्या वर्षी वहीत 'क' दोन चौकोनांत. सगळं काही मेंदूच्या पांढऱ्या भागातून येत नाही हो, काही आपल्या कडेवरूनही येतं.

सर्जनने परवानगी दिली की पालथं घाला. जमिनीवर चटई अंथरा, दिवसातून थोडं थोडं. वॉकर नको. थोडं मोठं झालं की पिठाचे गोळे, चिकूच्या बिया वाटीतून वाटीत, ओल्या वाळूत बोटाने अक्षरं. म्हादईकाठ, तुमच्या मुलाला झावळ्या ओढू द्यात, ते माझ्या व्यायामाच्या चेंडूपेक्षा बरं. पेन्सिल कशी धरतो त्याचा फोटो पाठवाल का?

म्हादईकाठ (वाळपई)

मुठीत धरतो. अंगठा बाकीच्या बोटांवरून. आणि हो, तो रांगलाच नाही. आम्ही कौतुकाने सांगायचो की सरळ उभाच राहिला.

सुरंगीचा_वळेसर (मडगाव)

कौतुकाने सांगत राहा, काही बिघडत नाही. फक्त आता एखाद्या ऑक्युपेशनल थेरपिस्टला हात दाखवा. आणि तोवर लांब पेन्सिल काढून घ्या, आखूड तुकडा द्या. आखूड पेन्सिल मुठीत धरून लिहिता येत नाही, बोटांना यावंच लागतं.

गालजीबाग (काणकोण)

मी स्वतः 'निळा' होतो. फॅलोचा टेट्रालॉजी, म्हणजे हृदयात चार दोष एकत्र, पाचव्या वर्षी ऑपरेशन. आता एका कंपनीत हिशेब बघतो, दोन मुली आहेत.

लहानपणी पळताना ओठ जांभळे झाले की मी मैदानात उकिडवा बसायचो. कोणी शिकवलं नव्हतं, बरं वाटायचं म्हणून. मुलं हसायची. पुढे मोठेपणी डॉक्टरांनी सांगितलं की उकिडवं बसल्याने पायांकडच्या रक्तवाहिन्यांत दाब वाढतो आणि जास्त रक्त फुफ्फुसांकडे ढकललं जातं. शरीराने स्वतःच शोधलेला इलाज!

अभ्यासात पाठांतर उत्तम, भूमितीत दिवाळं. आजही पर्वरीच्या सर्कलला मी हमखास चुकीच्या रस्त्याला लागतो आणि बायको शेजारून सांगते. हे हृदयामुळे की माझ्या आळसामुळे ते कोण जाणे. मला त्रास झाला तो दुसऱ्याच गोष्टीचा: मास्तरांनी मला सगळ्यातून वगळलं. कवायत नको, सहल नको, गृहपाठ नाही केला तरी चालेल, 'त्याला त्रास देऊ नका'. दहावीला कळलं की मला कोणी काही शिकवलंच नव्हतं. तुमच्या मुलाला कीव नको, काम द्या.

खडू_फळा (डिचोली)

मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका. गालजीबाग, तुमचं वाचून आमच्याच चुका आठवल्या असं म्हणणार नाही, कारण आता वर्गात असं वगळत नाहीत. पण उलट टोक आहे: सगळ्यांना एकाच दोरीने बांधायचं.

फळ्यावरून उतरवणं हे दिसतं तेवढं सोपं काम नाही. वर बघायचं, ओळ शोधायची, चार शब्द डोक्यात धरायचे, मान खाली, वहीतली जागा शोधायची, लिहायचं, पुन्हा वर बघून तीच ओळ शोधायची. माटोळीची नावं सांगताना यातलं काहीच लागत नाही, ती कानातून जाऊन जिभेवर येतात. म्हणून एक जमतं, दुसरं नाही. बाईंना विनंती करा: पहिल्या बाकावर बसवा, फळ्याऐवजी शेजारी ठेवलेल्या कागदावरून उतरवू द्या, एका वेळी एकच सूचना, आणि परीक्षा जिथे शक्य तिथे तोंडी. आमच्या वर्गात एका मुलीला मी ओळीखाली पट्टी धरायला दिली, तिची गाळणूक बरीच कमी झाली. तिला हृदयविकार नव्हता, तरी.

आणि 'ढ' हा शब्द घरात कोणी वापरत असेल तर आधी तो थांबवा.

स्टेथो (फोंडा)

खडू_फळा यांनी जे वर्णन केलं तेच अभ्यासांतही दिसतं. बोस्टनमध्ये १९८८ ते १९९२ दरम्यान ट्रान्सपोझिशनच्या १७१ बाळांवर दोन पद्धतींनी ऑपरेशन केलं. एका गटात शरीर खूप थंड करून रक्ताभिसरण काही काळ पूर्ण थांबवलं, दुसऱ्यात मशिनने मंद प्रवाह चालू ठेवला. ही मुलं सोळा वर्षांची होईपर्यंत पाठपुरावा केला. दोन पद्धतींत शेवटी फारसा फरक उरला नाही. पण एकूण मुलांपैकी ६५ टक्क्यांना शाळेत कधी ना कधी अभ्यासाची किंवा वर्तनाची जादा मदत लागली होती. बुद्ध्यांक बहुतेकांचा सर्वसाधारण कक्षेतच. अडचण लक्ष टिकवण्यात, कामाची आखणी करण्यात, जागेचा आणि आकाराचा अंदाज घेण्यात. पर्वरीचं सर्कल धरून!

आज ऑपरेशनच्या वेळी कपाळावर चिकटपट्टीसारखे सेन्सर लावून मेंदूतला प्राणवायू सतत बघतात, महाधमनीच्या कमानीचं काम करताना मेंदूला वेगळा रक्तपुरवठा चालू ठेवतात. तरी मदतीची गरज संपलेली नाही.

म्हणूनच अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये सांगितलं की अशा मुलांची विकासाची तपासणी ठरलेल्या वयांत करावी: १२ ते २४ महिने, ३ ते ५ वर्षं, आणि ११-१२ वर्षं. तक्रार असो वा नसो. कारण दीड वर्षाचं मूल चाललं की सगळे निश्चिंत होतात आणि खरी अडचण दुसरी-तिसरीत, अभ्यास वाढल्यावर उघडी पडते. माझं स्पष्ट मत, हृदयाच्या फाइलमध्ये इकोइतकंच हे पानही असायला हवं. नाही हे आपल्या व्यवस्थेचं दुबळेपण आहे.

मोगरी (कुडचडे)

माझा पाचवा महिना संपत आलाय. सोनोग्राफीत टेट्रालॉजी निघालं. वाचून हात थरथरतायत. पोटातल्या बाळाच्या मेंदूसाठी मी आत्ता काही करू शकते का? मला ऑक्सिजन लावून उपयोग होतो असं कुठेतरी वाचलं.

स्टेथो (फोंडा)

ताई, आईला ऑक्सिजन देण्यावर संशोधन चालू आहे, तो अजून उपचार नाही. स्वतःहून काही करू नका. तुमच्या हातात तीन गोष्टी आहेत. गर्भाचा इको हृदयतज्ज्ञाकडून करून घ्या. गुणसूत्रांची तपासणी हवी का ते विचारा, कारण टेट्रालॉजीबरोबर कधी कधी बाविसाव्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गळालेला असतो. आणि बाळंतपण कुठे करायचं ते आत्ताच ठरवा. दुसरं काही कारण नसेल तर घाईने लवकर बाळंत होऊ नये, ३९ आठवडे भरू द्यावेत, शेवटच्या आठवड्यांत मेंदू झपाट्याने पक्व होतो. टेट्रालॉजीची बहुतेक बाळं चांगली सुधारतात. हे तुम्हाला धीर देण्यापुरतं म्हणत नाही.

गालजीबाग (काणकोण)

मोगरीताई, वर माझंच उदाहरण आहे. दोन मुली आहेत, हेही पुन्हा सांगतो.

शेवंती_७५ (माशेल)

एक विचारू का? शेजारच्या निळ्या मुलीला (ऑपरेशन अजून व्हायचंय) रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन १३ आलं. घरचे खूश. मग लोहाचं औषध कशाला दिलंय?

स्टेथो (फोंडा)

चांगला प्रश्न, आणि हा मेंदूशी थेट जोडलेला आहे. प्राणवायू कमी असल्याने निळ्या मुलाचं शरीर जास्त तांबड्या पेशी बनवतं. त्यांचं हिमोग्लोबिन इतरांपेक्षा वर असायला हवं. म्हणून तिचं १३ हे तिच्यासाठी कमी असू शकतं. लोह कमी असलेल्या निळ्या मुलाला मेंदूत गुठळी होण्याचा धोका वाढतो. दुसरं, रक्त मुळात दाट असल्याने जुलाब-उलट्यांत किंवा एप्रिल-मेच्या उकाड्यात पाणी कमी पडू देऊ नका. साध्या पोरासाठी आपण संध्याकाळपर्यंत वाट बघतो, इथे बघायची नाही. आणि अशा मुलाला ताप आणि डोकेदुखी एकत्र, हटेना, किंवा एका बाजूचा हात लुळा वाटला, तर घरचे उपाय नकोत, सरळ इस्पितळ. फुफ्फुसांची गाळणी चुकवून रक्त परस्पर मेंदूत जातं, त्यातून मेंदूत गळू होऊ शकतं.

म्हादईकाठ, तुमच्या मुलाचं रक्त आता योग्य मार्गाने फिरतंय, हे त्याला लागू नाही. घाबरू नका.

म्हादईकाठ (वाळपई)

सगळ्यांना देव बरें करूं. बायकोला शेवंतीताईंचा निरोप वाचून दाखवला, मग आईलाही. आई म्हणाली, 'आमका कोणें सांगलें तेंच आमी सांगतां.' त्यावर मी काही बोललो नाही.

आता कामाचं. तपासणी नेमकी कुठे आणि काय म्हणून मागायची?

सुरंगीचा_वळेसर (मडगाव)

'विकासात्मक तपासणी' किंवा 'डेव्हलपमेंटल असेसमेंट' म्हणा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, जन्मापासून १८ वर्षांपर्यंत. जन्मजात हृदयविकार आणि विकासातला उशीर दोन्ही त्यात येतात. शाळेत-अंगणवाडीत येणारं त्यांचं पथक पुढे जिल्ह्याच्या अर्ली इंटरव्हेन्शन सेंटरला पाठवतं. पथकाची वाट न बघता बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या बालरोग विभागातही विचारता येतं. खाजगीत 'सेतू' ही बालविकासाची जुनी संस्था आहे. जाताना ऑपरेशनचे कागद, शेवटचा इको, आणि शाळेच्या दोन वह्या न्या. वह्या विसरू नका, एक चांगल्या दिवसाची आणि एक वाईट दिवसाची.

खडू_फळा (डिचोली)

आणि अहवाल आला की शाळेत एक प्रत द्या, एक जपून ठेवा. पुढे बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ किंवा इतर सवलत हवी असेल तर कागद लागतात, आणि ते दहावीच्या जानेवारीत गोळा करायला गेलं की धावाधाव होते.

हुमण (म्हापसा)

मी गप्प बसून सगळं वाचलं. भाच्याला फोन केला, तो म्हणतो मामा तू डॉक्टर कधी झालास. असो. एकच विचारतो, या मुलांना फुटबॉल चालतो का? गोव्यात राहून पोराला फुटबॉल नाही म्हणजे फार होतं.

स्टेथो (फोंडा)

बहुतेकांना चालतो, आणि चालावाच. खेळाने लक्षही सुधारतं. पण मोघम 'जपून' असं ऐकून घेऊ नका. हृदयतज्ज्ञाकडून लेखी घ्या: कोणता खेळ, किती जोराचा, स्पर्धेत उतरायचं की नाही. स्विच झालेल्या मुलांत हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी वाहिन्या नव्या जागी जोडलेल्या असतात, त्यामुळे चुरशीच्या स्पर्धेआधी त्या बघून घेतात. तो कागद पीटीच्या मास्तरांना द्या.

म्हादईकाठ (वाळपई)

पुढच्या इकोला हा प्रश्न पहिला. आणि सुरंगीताई, आखूड पेन्सिल दिली. त्याने पहिल्याच दिवशी ती हरवली, आता डबाभर तुकडे करून ठेवलेत.